मूळ फोटो शिल्लक राहिला पाहिजे

नवा कॉम्प्युटर घेतला की पहिले दोन दिवस त्यात काय काय टाकायचं यातच जातात. मराठी टायपिंगची सोय झाली, ब्राउझर झाला, गाण्यांचा फोल्डर उतरवून झाला, की गाडी अडते ती फोटोंपाशी. फोटोंसाठी कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं? ज्याला विचारावं तो आपल्या सवयीचं नाव सांगतो. लग्नाचे फोटो काढणारा मित्र म्हणतो, "फोटोशॉपशिवाय आहेच काय?" इंजिनिअर भाचा फुकटातली चार नावं पाठवून देतो. आणि मावशी म्हणते, "अरे, हल्ली फोनमध्येच होतं की सगळं!"

तिघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. पण माझी गरज जरा वेगळी आहे. गेल्या काही वर्षांत मी घरातल्या ट्रंका, जुने अल्बम, काका-आत्यांच्या कपाटांतली पाकिटं असं सगळं गोळा करून स्कॅन करतो आहे. साधारण सोळाशे फोटो झालेत. काही ओलीने डागाळलेले, काही वाळवीने खाल्लेले, काहींच्या मागे पेन्सिलीने नावं, बहुतेकांच्या मागे काहीच नाही. हे फोटो मला नीटनेटके करायचे आहेत आणि माझ्यानंतर ज्याला हवे असतील त्याला मिळतील असे ठेवायचे आहेत.

म्हणून मी सॉफ्टवेअर निवडताना दोनच प्रश्न विचारायचं ठरवलं. हे सॉफ्टवेअर उद्या बंद पडलं तर माझ्याकडे काय उरेल? आणि मी फोटोत जो बदल केला तो पुढे कुणाला ओळखता येईल का? या प्रश्नांची उत्तरं जाहिरातींत नसतात, ती इतिहासात सापडतात. तेव्हा मंडळी, आज थोडा इतिहास.

कॉम्प्युटरमध्ये गेलेला पहिला फोटो घरगुतीच होता, हे वाचून मला फार बरं वाटलं होतं. १९५७ साली अमेरिकेतल्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये रसेल कर्श नावाच्या संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक स्कॅनर तयार केला आणि त्यात आपल्या तीन महिन्यांच्या मुलाचा फोटो घातला. जेमतेम पाच सेंटिमीटरचा चौकोन, आडवे १७६ आणि उभे १७६ ठिपके. म्हणजे सगळे मिळून एकतीस हजारसुद्धा नाहीत. आजच्या साध्या फोनच्या एका फोटोत कोट्यवधी असतात. पण बाळ ओळखू येतं!

मात्र फोटोत फेरफार करण्यासाठी माणूस कॉम्प्युटरची वाट बघत बसला नव्हता. त्याच वर्षाच्या बरोबर शंभर वर्षं आधी, १८५७ मध्ये, ऑस्कर रेलँडर याने इंग्लंडमधल्या मँचेस्टरच्या प्रदर्शनात एक मोठं चित्र मांडलं होतं. ते तिसेक निगेटिव्ह एकत्र छापून बनवलेलं होतं. त्यातली माणसं वेगवेगळ्या वेळी कॅमेऱ्यासमोर आली होती आणि फोटोत मात्र एका दालनात जमली होती. राणी व्हिक्टोरियाने त्याची एक प्रत विकत घेतली.

आपल्याकडेही फोटोग्राफी काही फार उशिरा आली नाही. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली ती १८५४ साली, कलकत्ता आणि मद्रासच्याही आधी. भाऊ दाजी लाड आपल्याला माहीत असतात. त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे या सोसायटीचे सभासद होते आणि स्वतः उत्तम फोटो काढायचे. पुढे स्टुडिओ गावोगाव पसरले आणि त्यांच्याबरोबर 'टचिंग'ही आलं. ज्यांनी जुन्या स्टुडिओत फोटो काढून घेतलेत त्यांना हा शब्द नक्की आठवेल.

हे टचिंग मोठं कसबाचं काम होतं. निगेटिव्हवर एक चिकट द्रव लावायचा आणि बारीक टोक काढलेल्या पेन्सिलीने काम करायचं. निगेटिव्हमध्ये जिथे शिसं बसेल तिथे छापताना उजेड कमी जातो, म्हणजे फोटोत तो भाग उजळ येतो. डोळ्यांखालची काळी वर्तुळं, देवीचे व्रण, कपाळावरच्या आठ्या अशा जात. उलट काही गडद करायचं असेल तर धारदार पात्याने निगेटिव्ह हलकेच खरवडायची. शिवाय छापलेल्या फोटोवर रंग भरणारे निराळे. साडीचे काठ, दागिने, गालांची लाली... पुष्कळांच्या घरी असा एक तरी रंगवलेला फोटो भिंतीवर असेल.

रशियात याच कसबाचा उपयोग कशासाठी झाला ते प्रसिद्धच आहे. मॉस्को-व्होल्गा कालव्याच्या काठावर स्टालिनच्या शेजारून चालणारा निकोलाय येझोव्ह हा त्याचा पोलीसप्रमुख. १९४० मध्ये त्याला गोळी घातली गेली, आणि पुढे छापलेल्या फोटोत त्याच्या जागी नुसतं पाणी दिसतं. आपण हे वाचतो, 'हुकूमशाही!' म्हणून मान हलवतो आणि पुढे जातो.

पण आमच्या घरातही तसा एक फोटो आहे.

माझ्या पणजोबांचा सहकुटुंब फोटो जुन्या घरात झोपाळ्याच्या वर होता. चांगला दीड हाताचा, लाकडी चौकटीतला. पणजोबा, पणजी, मागे मुलं, पुढे सतरंजीवर लहानगे, आणि उजव्या कडेला एक कुंडी. गेल्या वर्षी आजीच्या ट्रंकेत त्याच फोटोची तळहातापेक्षा लहान मूळ प्रत सापडली. मागे स्टुडिओचा शिक्का आणि निगेटिव्हचा नंबर. त्या छोट्या प्रतीत कुंडी नाही. कुंडीच्या जागी एक बाई उभी आहे. अंगावर आलवण, पदर कपाळापर्यंत ओढलेला, हात पदरात. पणजोबांची विधवा बहीण. घरात तिला सगळे आक्का म्हणत. पणजी आजारी असताना माझ्या आजोबांना आणि त्यांच्या भावंडांना तिनेच वाढवलं, हे आजोबा सांगायचे. पण आम्ही नातवंडांनी तिचा चेहरा कधी पाहिला नव्हता, कारण भिंतीवरच्या फोटोत ती नव्हती.

एनलार्जमेंट करताना कुणीतरी स्टुडिओवाल्याला सांगितलं असणार. कुणी ते आता कळायला मार्ग नाही, आणि त्याला दोषी ठरवायची माझी इच्छाही नाही. केशवपन केलेली बाई दिवाणखान्यातल्या फोटोत नको, असं त्या काळी वाटणारी माणसं दुष्टच होती असं नाही. कारागिराने काम इतकं सफाईने केलं आहे की कुंडीच्या सावलीचाही संशय येत नाही. तो स्टुडिओ केव्हाच बंद झाला. काचेच्या निगेटिव्ह अनेक ठिकाणी धुऊन नुसत्या काचा म्हणून वापरल्या गेल्या, तसंच या निगेटिव्हचंही झालं असावं. ती लहानशी मूळ प्रत ट्रंकेत राहिली, एवढ्याच आधारावर आक्का आज आम्हाला दिसते.

सॉफ्टवेअरच्या गोष्टीत हे कुठून आलं, असं वाटेल. पण फोटोशॉपची मुळंच डार्करूममध्ये आहेत. थॉमस नॉल आणि जॉन नॉल या भावांचे वडील मिशिगन विद्यापीठात प्राध्यापक होते आणि त्यांना फोटोग्राफीचा नाद होता. घराच्या तळघरात डार्करूम होती, मुलं तिथे शिकली. १९८७ मध्ये पीएचडी करत असताना थॉमसने काळ्या-पांढऱ्या पडद्याच्या मॅकवर करड्या छटा दाखवण्यासाठी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. जॉन तेव्हा 'स्टार वॉर्स'वाल्या जॉर्ज ल्युकासच्या इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक या कंपनीत कामाला होता. त्याला यात दम दिसला, दोघांनी मिळून तो वाढवला, आणि फेब्रुवारी १९९० मध्ये अडोबी कंपनीने फोटोशॉपची पहिली आवृत्ती बाजारात आणली. फक्त मॅकसाठी. (त्या जुन्या आवृत्तीचा कोड २०१३ मध्ये अमेरिकेतल्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियमने सगळ्यांसाठी खुला केला. सुमारे १ लाख २८ हजार ओळी.)

फोटोशॉपमधल्या हत्यारांची नावं आठवून पाहा. डॉज, बर्न, मास्क, क्रॉप. हे सगळे डार्करूमचेच शब्द. छापताना एखादा भाग उजळ ठेवायचा तर काडीला लावलेली चकती उजेडाच्या आड धरायची, म्हणून डॉजचं चित्र तसं. गडद करायचं तर हाताच्या मुठीतून तेवढ्याच भागावर उजेड सोडायचा, म्हणून बर्नचं चित्र हाताचं. फरक एकच पडला, पण मोठा. डार्करूममध्ये प्रत कितीही बदलली तरी निगेटिव्ह वेगळी असायची. कॉम्प्युटरमध्ये एकच फाइल. 'सेव्ह' दाबलं की तीच निगेटिव्ह आणि तीच प्रत! त्यात जेपेग फाइल पुन्हा पुन्हा बदलून सेव्ह केली की दर वेळी तपशील थोडा थोडा गळतो.

सुरुवातीच्या फोटोशॉपमध्ये तर एकच पाऊल मागे जाता यायचं. १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत लेयर आले. म्हणजे मूळ चित्राच्या वर पारदर्शक कागद ठेवून त्यावर दुरुस्ती करावी तसं. खालचं चित्र शाबूत. माझ्या मते त्या प्रोग्रॅममधली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच. पण आपल्याकडे फोटोशॉप आलं ते बहुधा जोडणी केलेल्या कॉम्प्युटरबरोबर, सीडीवरून, बिलात न दाखवता. २००२ ची सातवी आवृत्ती तर किती वर्षं सायबर कॅफेपासून फ्लेक्सच्या दुकानापर्यंत सगळीकडे दिसायची. डाग पुसणारा 'हीलिंग ब्रश' त्याच आवृत्तीत आला. चौकाचौकांतल्या वाढदिवसाच्या फलकांवरचे तुकतुकीत चेहरे पाहिले की मला त्याची आठवण होते.

याच काळात दुसरीकडे एक वेगळाच संसार उभा राहत होता. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात स्पेन्सर किम्बॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी १९९५ मध्ये गिम्प सुरू केलं. फुकट, आणि त्याचा कोडही सगळ्यांना खुला. लिनक्सचा तो गुबगुबीत पेंग्विन १९९६ मध्ये गिम्पवरच काढला गेला. गिम्प दिसायला कधीच देखणं नव्हतं आणि त्याचा वेग तर विचारू नका. २.१० ही आवृत्ती २०१८ ची, आणि पुढची ३.० आली ती मार्च २०२५ मध्ये! पण दोघा विद्यार्थ्यांनी ते सोडल्यालाही आता पंचवीस वर्षांहून जास्त काळ झाला, आणि ते चालूच आहे. कोड खुला असण्याचा अर्थ हा.

गिम्पची एक गोष्ट मला विशेष आवडते. २०१२ च्या २.८ आवृत्तीपासून त्यात 'सेव्ह' केलं की फक्त गिम्पची स्वतःची फाइल तयार होते, लेयरसकट. जेपेग हवी असेल तर 'एक्स्पोर्ट' वेगळं करावं लागतं. तेव्हा लोकांनी यावर खूप आरडाओरडा केला होता. पण विचार केला तर ही डार्करूमचीच शिस्त आहे. काम चालू असलेली निगेटिव्ह एकीकडे, लोकांना द्यायची प्रत दुसरीकडे.

आणि मग पिकासा. आपल्यापैकी कितीतरी जणांनी डिजिटल कॅमेऱ्याचे पहिले फोटो त्यातच लावले असतील. २००२ मध्ये एका छोट्या कंपनीने ते काढलं, २००४ मध्ये गूगलने ती कंपनी घेतली आणि पिकासा फुकट झालं. पिकासात फोटो सरळ करा, उजळ करा, कापा, मूळ फाइलला ते हात लावत नसे. बदलांची टिपणं त्याच फोल्डरमधल्या एका छोट्या फाइलमध्ये ठेवी. बदल सेव्ह केलेच, तर मूळ फोटो एका लपवलेल्या फोल्डरमध्ये जपून ठेवी. सामान्य माणसाला न शिकवता मिळालेली ही शिस्त होती. मार्च २०१६ मध्ये गूगलने पिकासा थांबवलं. मूळ फोटो सगळ्यांचे राहिले. पण त्या टिपणांची भाषा पिकासाची, ती दुसऱ्या सॉफ्टवेअरला कशी वाचता येणार?

असं एकट्या पिकासाचं झालं नाही. ॲपलने २००५ मध्ये काढलेलं ॲपर्चर हे व्यावसायिकांसाठीचं होतं, पैसे मोजून घ्यायचं होतं. २०१४ मध्ये ॲपलने त्याचा विकास थांबवत असल्याचं जाहीर केलं आणि २०१९ च्या मॅक प्रणालीपासून ते चालेनासं झालं. म्हणजे फुकट असो की विकतचं, सॉफ्टवेअरचं आयुष्य फोटोच्या आयुष्यापुढे काहीच नाही. आक्काचा फोटो नव्वद वर्षांचा आहे. फोटोशॉप अजून चाळिशीतही नाही.

अडोबीनेही मे २०१३ मध्ये जाहीर केलं की यापुढे नव्या आवृत्त्या विकत नाही, वर्गणीनेच मिळतील. रोज त्यावर पोट असणाऱ्यांना ते परवडतं आणि त्यात त्यांचा फायदाही आहे. पण घरगुती फोटोंचा साठा सांभाळायचा म्हणजे पुढच्या पिढीनेही वर्गणी भरत राहायची? मला ते काही पटेना.

आता राहिला मावशीचा मुद्दा, 'फोनमध्येच होतं की सगळं'. खरं आहे, होतं. २०२३ मध्ये फोटोशॉपमध्येही शब्दांत सांगून फोटोचा हवा तो भाग नव्याने भरून घेण्याची सोय आली, आणि एका बोटात जुना फोटो 'नवा' करून देणारी ॲप्स तर ढिगाने आहेत. ही ॲप्स करतात काय, तर लाखो चेहरे पाहून शिकलेल्या अंदाजाने फाटकी, धूसर जागा भरतात. म्हणजे जे फोटोत नाही ते तिथे 'असावं' असं त्यांना वाटतं, आणि ते ठामपणे काढून मोकळी होतात.

माझ्या चुलतभावाने मोठ्या हौसेने आक्काचा फोटो अशाच एका ॲपमधून काढून पाठवला. कुटुंबाच्या ग्रुपवर सगळ्यांनी हात जोडले. फोटो खरोखर सुरेख आला होता. डाग गेले, डोळे स्वच्छ झाले. पण पदराखाली, जिथे मूळ फोटोत धूसर सावली आहे, तिथे ॲपने दाट काळे केस काढले होते, मधोमध भांग पाडून. ओठांवर पुसटसं हसूही. भावाला मी फोन केला. तो म्हणाला, "अरे, छान दिसतेय की. तेवढं तरी मिळू दे तिला." त्याच्या बोलण्यात माया होती, आणि मला पटकन उत्तर सुचलं नाही. नंतर वाटलं, पहिल्या वेळी तिला फोटोतून काढलं तेही कुणाला तरी 'छान दिसावं' म्हणूनच असणार. तिच्या आयुष्यात जे झालं ते या फोटोत आहे. तेच पुसलं, तर उरते ती आमची आक्का नव्हे, दुसरीच कुणी बाई. भावाला हे सांगितलं. तो थोडा वेळ गप्प होता, मग म्हणाला, "बरं, दोन्ही ठेव. पण कुठला कोणता ते लिहून ठेव." आमचा समेट त्यावर झाला.

आणि गंमत म्हणजे सॉफ्टवेअरची निवडही त्या वाक्याने सोपी झाली. शेवटी काय ठरवलं ते सांगतो, कुणाच्या उपयोगी पडलं तर पडलं.

फोटो लावणं, शोधणं, नावं लिहिणं यासाठी डिजिकॅम घेतलं. फुकट, खुला कोड, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. त्यात बदल केला की मूळ फाइल तशीच ठेवून नवी आवृत्ती वेगळी करण्याची सोय आहे. शिवाय नावं आणि टिपा ते फोटोच्या फाइलमध्येच लिहू शकतं, एक्सएमपी या पद्धतीने. ही पद्धत २००१ मध्ये अडोबीनेच आणली आणि २०१२ पासून ती आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे. (श्रेय द्यायचं तिथे द्यायला हवं.) म्हणजे उद्या डिजिकॅम गेलं तरी 'डावीकडून तिसरी आक्का' हे वाक्य फोटोबरोबर राहील. फोटोच्या मागे पेन्सिलीने लिहायचो ना, तसंच.

डाग-भेगांच्या दुरुस्तीसाठी गिम्प. फाटलेली कड जोडणं, बुरशीचे ठिपके काढणं, पिवळेपणा कमी करणं, एवढंच माझं काम, आणि तेवढ्याला ते पुरून उरतं. सगळी दुरुस्ती वरच्या लेयरवर, खाली मूळ स्कॅन.

स्कॅन टिफ फाइलमध्ये ठेवले आहेत, म्हणजे सेव्ह करताना तपशील गळत नाहीत. 'मूळ' नावाच्या फोल्डरला कुलूप, म्हणजे त्यातलं नुसतं वाचता येतं, बदलता येत नाही. दुरुस्त केलेल्या प्रत्येक फाइलच्या नावात 'दुरुस्त' हा शब्द आणि टिपेत काय दुरुस्त केलं ते एका ओळीत. 'मूळ'च्या दोन प्रती वेगळ्या डिस्कवर, त्यातली एक बहिणीच्या घरी.

ज्यांना छपाईचं, जाहिरातींचं काम करायचंय त्यांनी खुशाल फोटोशॉप घ्यावं, त्याला तोड नाही. ज्यांना सहलीचे फोटो उजळायचेत त्यांना फोन पुरेसा आहे. पण घरातले जुने फोटो हातात घेणार असाल, तर आधी मूळ कुठे ठेवणार ते ठरवा. ब्रश कुठलाही चालेल.

आणि घरच्यांपैकी जे वाचताहेत त्यांना एक विनंती. ट्रंकेत, पोथ्यांच्या बासनात, देव्हाऱ्याखालच्या खणात जे छोटे, कुरतडलेले, कुणालाच नको असलेले फोटो असतील ते टाकू नका. मोठा करून भिंतीवर लावलेला आहे म्हणून तर मुळीच टाकू नका. मला पाठवा. मी स्कॅन करून, मागचं अक्षरही स्कॅन करून, जसेच्या तसे परत देईन.